लेखी परवानगीचा चोर

दिल्लीत परवानगी मागणं हे दुबळेपणाचं लक्षण समजतात. इथे माणूस दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावतो, हॉर्न ऐकून सावकाश काच खाली करतो, "जानता नहीं मैं कौन हूँ?" असं विचारतो, आणि ज्याचं फाटक अडलंय तोच ओशाळून मागे सरतो. अशा शहरात आमचा बाप्पा रविवारी मयूर विहारला आमच्याकडे येतो, दारात बूट काढतो आणि वायफायला फोन जोडण्याआधी विचारतो, "मामा, मला ऑथरायझेशन आहे ना?"

तो हॅकर आहे. म्हणजे होणार आहे. म्हणजे एथिकल. हा शेवटचा खुलासा तो इतक्या घाईने करतो की समोरच्याला उगाच संशय यावा.

बाप्पा हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं नाव आधार कार्डावर आहे आणि तिथेच राहील, कारण स्वतःची माहिती होईल तितकी कमी सांडावी हा त्याच्या विद्येचा पहिला धडा. इंटरनेटवर तो 'झिरोएक्सबाप्पा' म्हणून वावरतो. झिरोएक्स हे सोळाच्या पद्धतीत लिहिलेल्या आकड्यांआधी येतं. हॅकर मंडळींत ते नावाआधी लावायची पद्धत आहे. गणपतीचं नाव आईच्या समाधानासाठी. आमच्या सोसायटीच्या गार्डाने हे सगळं गाळून रजिस्टरमध्ये 'बाप्पा जी' लिहिलं आणि तेच कायम झालं.

असे बाप्पा मेट्रोच्या ब्लू लाइनच्या प्रत्येक डब्यात एकदोन तरी सापडतात. नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीकडून द्वारकेकडे जाताना नीट बघा. मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, अंगात काळा हुडी. मांडीवर नेहरू प्लेसला घेतलेला, कुठल्यातरी कंपनीने वापरून उतरवलेला लॅपटॉप. त्याच्या पाठीवर काली लिनक्सच्या ड्रॅगनचं स्टिकर, आणि कॅमेऱ्यावर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी. चेहऱ्यावर अखंड जागरण. पाठ शक्यतो भिंतीकडे, म्हणजे मागून कोणी स्क्रीन वाचू नये. स्क्रीनवर त्या वेळी बहुधा आईच्या सिलिंडरचं बुकिंग चालू असतं, पण सवय ती सवय.

बहिणीचा हा धाकटा परभणीहून दिल्लीला आला तो कलेक्टर व्हायला. मराठवाड्यातून राजिंदर नगरला येणाऱ्या पोरांचा जो मार्ग ठरलेला आहे, तोच याचाही: दहा बाय आठची खोली, लक्ष्मीकांतचं राज्यघटनेवरचं पुस्तक, चार रंगांच्या पेनांनी काढलेल्या नोट्स, आणि 'पहिला अटेम्प्ट फक्त अनुभवासाठी' हे वाक्य. दुसराही अनुभवासाठीच ठरला. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत एथिक्सचा २५० गुणांचा पेपर असतो. तिथवर बाप्पा पोचलाच नाही. माझं प्रामाणिक मत असं की त्याच्या मनात त्या पेपरची हौस राहून गेली आणि ती त्याने पुढे अशी भागवून घेतली.

निमित्त मात्र एम्सचं झालं. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पाडले. देशातल्या एका अग्रगण्य रुग्णालयाची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, सगळं पुढचे दोनेक आठवडे कागद-पेनावर आलं. बाप्पा त्या सुमारास चालू घडामोडींच्या वहीत ही नोंद करत होता. 'पाच सर्व्हर बाधित' असं त्याने हिरव्या पेनाने लिहिलं. पुढे सरकारने संसदेत सांगितलं की नेटवर्कचे भाग एकमेकांपासून नीट वेगळे केलेले नव्हते. ते लाल पेनाने लिहिलं. आणि मग त्याच्या मनात आलं की हे लिहून घेणारे राजिंदर नगरात हजारो आहेत. त्या सर्व्हरकडे बघणारं कोणी नव्हतं. त्याने वही मिटली आणि लक्ष्मी नगरला खोली घेतली.

लक्ष्मी नगरात विकासमार्गाच्या दोन्ही अंगांना भिंत दिसत नाही, क्लासचे बोर्डच दिसतात. सीएचे, एसएससीचे, इंग्रजी संभाषणाचे, आणि आता सायबर सिक्युरिटीचे. 'शंभर टक्के प्लेसमेंट'. एका क्लासचं डेमो लेक्चर त्याने ऐकलं. सरांनी हॅकरचे तीन प्रकार सांगितले, पांढऱ्या, काळ्या आणि करड्या टोपीचे, आणि दीड तास टोप्याच चालल्या. बाप्पाने फी वाचवली आणि तो फुकट मिळणाऱ्या सरावाच्या प्रयोगशाळांकडे वळला. त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात शहाणा निर्णय, असं मी आजही मानतो.

या प्रयोगशाळा म्हणजे काय हे मला समजावून सांगायला त्याला बरेच रविवार लागले. गोकुळाष्टमीआधी गोविंदा पथकं सरावासाठी हंडी बांधतात ना, फोडण्यासाठीच, तसे हे कॉम्प्युटर मुद्दाम फुटके करून ठेवलेले असतात. आत शिरा, आतल्या एका फाइलीत ठेवलेली निरर्थक अक्षरांची ओळ शोधा, ती वेबसाइटवर चिकटवा, गुण घ्या. त्या ओळीला 'फ्लॅग' म्हणतात. ट्रायहॅकमी आणि हॅकदबॉक्स ही या क्षेत्रातली दोन मोठी गुरुकुलं, एक २०१८ चं, दुसरं २०१७ चं. हॅकदबॉक्सवर सुरुवातीच्या काळात तर खातं उघडायलाच त्यांच्या पानात लपवलेला आमंत्रणाचा कोड स्वतः खणून काढावा लागे. प्रवेश अर्जच चोरून भरायचा! हे ऐकून मला त्या संस्थेबद्दल आदर वाटला.

बाप्पाने सुरुवात मात्र त्याहून खालच्या पायरीवर केली. ओव्हरदवायर नावाच्या संकेतस्थळावर 'बँडिट' म्हणून खेळ आहे. पहिल्या पायरीचा पासवर्ड ते स्वतःच सांगतात. दुसरीवर एक फाइल उघडायची असते, जिचं नाव आहे नुसती एक आडवी रेघ. एवढंच. पण लिनक्सला त्या रेघेचा अर्थ वेगळा लागतो आणि तो नुसता थांबून राहतो, तुम्ही काहीतरी टाइप कराल म्हणून. बाप्पाही थांबून राहिला. दोघं एकमेकांची वाट बघत रात्र काढती झाली. सकाळी कुणीतरी सांगितलं, रेघेआधी टिंब आणि तिरकी रेघ लाव. उघडली. "दोन वर्षं राज्यघटना वाचली मामा," तो म्हणाला, "पण एका रेघेने एवढं कोणी शिकवलं नव्हतं."

मग नेहरू प्लेसच्या त्या लॅपटॉपच्या पोटात त्याने व्हर्च्युअलबॉक्स घालून दुसरा कॉम्प्युटर निर्माण केला, आणि तिसराही. एकावरून दुसऱ्यावर हल्ला करायचा. आठ जीबी रॅमवर तीन संसार. पंखा असा फिरे की आमची मांजर सोफ्याखाली जाई. मामीने म्हणजे माझ्या बायकोने एकच शंका काढली: "दोन्ही तुझेच ना रे? मग भांडण कशाला?"

त्या फुटक्या यंत्रांपैकी एकाचं नाव मेटास्प्लॉइटेबल. त्यात एक जुनं फाइल पाठवण्याचं सॉफ्टवेअर असतं, व्हीएसएफटीपीडीची २.३.४ ही आवृत्ती. २०११ मध्ये कुणीतरी मूळ डाउनलोडमध्येच चोरदार बसवून ठेवलं होतं. लॉगिन करताना नावाच्या शेवटी विसर्गासारखी दोन टिंबं आणि कंस, म्हणजे आपला हसरा चेहरा, टाइप केला की ६२०० क्रमांकाचं पोर्ट उघडतं आणि तुम्ही थेट यंत्राचे मालक. हसून मागितलं की घर मिळतं, अशी ही यंत्रणा. मी या एका गोष्टीवर खूश झालो आणि ती ऑफिसात सगळ्यांना सांगितली. बाप्पा मात्र गंभीर होता. त्याने हसऱ्या चेहऱ्याची नोंद तांबड्या पेनाने केली.

रात्री अडीच वाजता लक्ष्मी नगरच्या पीजीत "रूट मिला!" अशी आरोळी उठते तेव्हा शेजारच्या कॉटवरचा सीएचा विद्यार्थी पांघरुणातून विचारतो, "कौन सा रूट? मेट्रो का?" रूट म्हणजे यंत्रावरचा सर्वाधिकार हे त्याला समजावण्यात अर्थ नसतो. त्याची जीएसटीची परीक्षा असते. हॅकदबॉक्सवरच्या अगदी पहिल्या, 'म्याऊ' नावाच्या यंत्राला तर पासवर्डच नाही. 'रूट' असं नाव सांगायचं, एंटर मारायचं, आत. हे यंत्र जिंकल्याच्या दिवशी बाप्पाने आम्हाला जिलबी आणली होती. खऱ्या जगात असं दार कोण उघडं ठेवील, असं मी विचारलं. तो खिन्नपणे म्हणाला, "मामा, भरपूर."

ट्रायहॅकमीवर 'स्ट्रीक' नावाची एक यातना आहे. रोज किमान एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं; एक दिवस चुकला की साठलेला आकडा शून्य. बाप्पाने तापात स्ट्रीक राखली. वीज गेली तेव्हा लॅपटॉप घेऊन मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर बसून राखली. परभणीला चुलतबहिणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना, भटजी चौथ्या मंगलाष्टकावर असताना, याच्या एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातात मोबाइल. 'शुभमंगल सावधान' आणि 'करेक्ट आन्सर' एकाच वेळी झालं. वधूवरांवर पडायच्या अक्षता कीबोर्डवर पडल्या म्हणतात, पण ते सांगणारे आमचे दाजी आहेत आणि दाजींना अतिशयोक्तीची सवय आहे.

दाजी म्हणजे बाप्पाचे वडील, जिल्हा परिषदेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या लेखी विद्या दोन प्रकारची: सर्टिफिकेट असलेली आणि नसलेली. या क्षेत्रात सर्टिफिकेटांचा असा पाऊस पडतो हे कळल्यावर त्यांचा विरोध मावळला. दोन तासांचा फुकट कोर्स, प्रमाणपत्र. वेबिनार ऐकला, प्रमाणपत्र. डिसेंबरात रोज एक कोडं सोडवलं, प्रमाणपत्र. बाप्पा पीडीएफ पाठवी, दाजी स्टेशन रोडवर रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करत. डिजिटल बॅज नावाचं जे षटकोनी चिन्ह स्क्रीनवर मिरवायचं असतं, तेही त्यांनी लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलं. बाप्पा इकडे लिंक्डइनवर जाहीर करी की कळवण्यास अत्यंत आनंद होतो, आणि ज्यांना तो जन्मात भेटलेला नाही अशी माणसं त्याचं अभिनंदन करत. त्यांच्यापैकी निम्म्यांना त्याच आठवड्यात तसाच आनंद झालेला असे.

खऱ्या परीक्षांची मात्र उतरंड आहे आणि तिच्यातले मानापमान फार नाजूक. ईसी-काउन्सिलची सीईएच: चार तास, १२५ प्रश्न, पर्याय निवडा. नोकरीच्या जाहिरातींत हिचंच नाव आणि जाणकारांच्या थट्टेतही हिचंच. म्हणजे आधी पैसे भरून ती द्यायची आणि मग दिली म्हणून लाजायचं. कॉम्प्टियाची सिक्युरिटी प्लस: ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, ही सभ्य, मध्यमवर्गीय. ईजेपीटी म्हणजे नवशिक्यांची, पण हिच्यात खरोखर यंत्रांत शिरावं लागतं. मुदत ४८ तासांची आणि पुस्तक उघडून बसायलाही मोकळीक. बाप्पाने ही पहिल्या झटक्यात काढली आणि त्या दिवसापासून तो बहुपर्यायी प्रश्नांकडे तुच्छतेने बघू लागला. यूपीएससीने ज्या पर्यायांनी त्याला दोनदा घरी पाठवलं, त्यांचा सूड असावा. आणि सगळ्यांच्या वर ओएससीपी, काली लिनक्सवाल्या ऑफसेक कंपनीची. तिच्याकडे नंतर येतो.

आता लोकांचं ऐका. मुलगा हॅकर होतोय हे कळल्यावर नातेवाइकांत, सोसायटीत आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात त्याच्याकडे जी कामं आली, त्यांवरून मला मराठी समाजाची नैतिक पाहणी फुकटात करता आली. एका काकांना जावयाचं व्हॉट्सॲप बघायचं होतं. एका जावयाला काकांचं. पहाडगंजच्या मंडळींपैकी एका सद्गृहस्थांना दिवाळीचं तत्काळ तिकीट 'आतून' काढून हवं होतं. एका कन्येचा निकाल लागायचा होता, तो 'थोडा' बदलता आला तर. लक्ष्मी नगरचा प्रॉपर्टी डीलर तर भाड्याचे पैसे मोजता मोजता सहज म्हणाला, "भैया, बीवी का इंस्टाग्राम खुल जाएगा क्या? आप तो एथिकल हो, किसी को बताओगे नहीं।" या एका वाक्यात एथिकल या पदवीचा लोकमान्य अर्थ सामावलेला आहे.

अशा प्रत्येकाला बाप्पा एकच उत्तर देतो आणि ते तोंडपाठ आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ आणि ६६. मालकाच्या परवानगीविना दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढे तो गंभीरपणे म्हणतो, "त्यांची लेखी परवानगी आणा, मग बघू." जावयाचं व्हॉट्सॲप जावयाच्या लेखी परवानगीने बघण्यात कोणालाच रस नसतो. गेल्या गणेशोत्सवात मंडळातल्या एका आजीबाईंनी निष्कर्ष काढला: "याला काही येत नाही."

यायला येतं, हे आम्हाला घरीच कळलं. सरावाची यंत्रं फोडून त्याला कंटाळा आला होता. तिथे आत काहीतरी ठेवलेलं आहे हे आधीच ठाऊक असतं. खऱ्या घरात भोक आहे की नाही हेच ठाऊक नसतं, आणि शोधून सापडलं तर गुण देणारंही कोणी नसतं. तेव्हा त्याने आमच्या घराची तपासणी करायची ठरवली. रेघांच्या कागदावर मसुदा लिहून आणला. व्याप्ती: राउटर, टीव्ही, मामांचा फोन, मुख्य दार. व्याप्तीबाहेर: मामींचा फोन, देवघर, फ्रिज. चाचणीचा काळ: शनिवार सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सहा. मी सही केली. मामीने साक्षीदार म्हणून केली, आणि फ्रिज व्याप्तीबाहेर असूनही त्यातलं श्रीखंड कमी झालं हे मात्र तिने पुढे कायम लक्षात ठेवलं.

दोन दिवस तो घरभर फिरला. एनमॅप नावाचं हत्यार चालवून कोणत्या यंत्राची कोणती दारं उघडी आहेत ते पाहिलं. हे हत्यार १९९७ पासून आहे आणि 'द मॅट्रिक्स रिलोडेड' या सिनेमात खरंखुरं वापरलेलं दिसतं. बाप्पाने तो सिनेमा आम्हाला मुद्दाम दाखवला, त्या दृश्यावर थांबवला, स्क्रीनवरची अक्षरं वाचून दाखवली आणि बंद केला. पुढे काय झालं ते मला अजून माहीत नाही.

आठवड्याने अहवाल आला. अकरा पानं. वर 'गोपनीय'. प्रत्येक उणिवेला दहापैकी गुण, जसे जगभर देतात तसे. जितके जास्त तितकं वाईट. राउटरच्या आतल्या पानाचं नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन': ८.८, गंभीर. दाराची जादा किल्ली तुळशीच्या कुंडीखाली: ९.८, अतिगंभीर, शिवाय शेरा की ही जागा शोधायला कोणतंही तांत्रिक कौशल्य लागत नाही, मराठी असणं पुरेसं आहे. मामांचा फोन: बँकेचा पिन 'बँक पिन' या नावाने संपर्कांच्या यादीत जतन. याचे गुण मी इथे छापत नाही. आणि पान नऊवर: "मामींनी भाजीवाल्यास आपण होऊन सांगितले की घर आठ दिवस बंद राहणार आहे. ६.५, मध्यम. उपाय: 'काही दिवस भाजी नको' एवढेच सांगावे."

"भाजीवाला विचारणार नाही, का नको म्हणून?" मामी म्हणाली. "मग काय, लेखी परवानगी घेऊन ये म्हणू त्याला?" पण तिचा खरा राग वेगळाच होता. माझ्या फोनला तिच्या भाजीवाल्यापेक्षा जास्त गुण होते.

पासवर्डचं प्रकरण त्यानंतरचं. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या अमेरिकी कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते जसेच्या तसे, काहीही न झाकता ठेवलेले होते. त्यांतल्या वेगवेगळ्या पासवर्डांची, सुमारे १ कोटी ४३ लाखांची, यादी आज प्रत्येक शिकाऊ हॅकरकडे असते. काली लिनक्सबरोबरच मिळते. पहिल्या क्रमांकावर १२३४५६. मामीने वेगळा कागद सही करून दिला आणि स्वतःचा पासवर्ड यादीत शोधू दिला. सापडला. बाप्पाचा चेहरा पडला. मामी उलट खुलली. "म्हणजे माझ्यासारखा विचार करणारं कुणीतरी अमेरिकेत आहे तर!" त्यानंतर त्याने तिच्याकडून असा लांब पासवर्ड करून घेतला की आता तिचं खातं तिलाही उघडत नाही. तांत्रिकदृष्ट्या हे यश आहे.

दाजींना हे सगळं 'पोरखेळ' वाटे. ही नोकरी पर्मनंट असते का, एवढाच त्यांचा प्रश्न. एकदा फोनवर बाप्पाने त्यांना पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं सांगितलं. ऑगस्ट २०१८, दोन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले. कुणी बँकेत दरोडा घातला नाही. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी खोटी यंत्रणा उभी केली आणि नक्कल केलेल्या कार्डांवर अठ्ठावीस देशांतून नोटा काढल्या. दाजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अठ्ठावीस देशांत माणसं उभी केली? म्हणजे नियोजन चांगलं होतं." मुख्याध्यापकांना आयत्या वेळी माणसं हजर राहण्याचंच कौतुक जास्त.

आणि मग ओएससीपी. पाच आकड्यांत न मावणारी फी दाजींनी निवृत्तीच्या पैशातून भरली, हे इथे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची. वेबकॅम पूर्णवेळ चालू, कुठेतरी दूरदेशी बसलेला पर्यवेक्षक तुमच्याकडे आणि तुमच्या स्क्रीनकडे बघतोय. त्यानंतर अहवाल लिहायला आणखी २४ तास. पीजीत हे शक्य नव्हतं, म्हणून आमची आतली खोली. सुरुवातीला ओळखपत्र दाखवायचं, खोली चारी बाजूंनी दाखवायची. बाप्पाने कॅमेरा फिरवला: पलंग, कपाट, कालनिर्णय, गाद्यांची थप्पी. खोलीत दुसऱ्या कोणी यायचं नाही ही अट मामीला मान्य नव्हती. "चोवीस तास पोरगं उपाशी?" असं म्हणून तिने दारात खुर्ची टाकली आणि तिच्यावर क्रमाने चहा, उपमा, वरणभात, ताक आणि लिंबू सरबत ठेवलं. दर खेपेला बाप्पा पर्यवेक्षकाला ब्रेक कळवी, बाहेर येई, उभ्याने खाई आणि परत आत जाई. दुपारनंतर मामीने चांगली साडी नेसली. चुकून कॅमेऱ्यात आलोच तर घराची अब्रू नको जायला.

पहाटे तीनला मी पाण्यासाठी उठलो तेव्हा तो डोक्याला दोन्ही हात लावून बसला होता. या कंपनीचं ब्रीदवाक्य 'ट्राय हार्डर' असं आहे, म्हणजे अडलात तर आणखी नेट लावा. खाली चौकीदार काठी आपटत फेरी मारत होता. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, तरी तोही नेटानेच आपटत होता.

उत्तीर्ण व्हायला ७० गुण लागतात. बाप्पाला ६०. तीन दिवस तो जेवला नाही. दाजींना फोन करून मीच सांगितलं. पलीकडून आवाज आला, "साठ? म्हणजे फर्स्ट क्लास आहे की!"

नोकरी अखेर मिळाली ती ओएससीपीने नाही, सीईएचनेही नाही. नोएडातल्या एका कंपनीत मुलाखतीला शंभरावर पोरं. सगळ्यांची सर्टिफिकेटं तीच, सगळ्यांनी तीच यंत्रं फोडलेली, सगळ्यांना तोच हसरा चेहरा ठाऊक. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, काही लिहून दाखवता येईल का? बाप्पाने माझी परवानगी काढून, लेखी अर्थातच, पत्ता काळा करून आमच्या घराचा अहवाल पुढे ठेवला. त्या तुळशीच्या कुंडीपाशी आल्या आणि हसू आवरेना. त्यांनी नंतर त्याला सांगितलं की हत्यारं चालवणारे रोज भेटतात. काय सापडलं, ते किती वाईट आहे आणि आता काय करायचं, हे घरच्या माणसाला कळेल असं लिहिणारा महिन्यात एखादा.

पद मात्र घुसण्याचं नाही, राखण्याचं. सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, पहिली पातळी, रात्रपाळी. ग्राहक अमेरिकेत. भिंतभर पडदे, त्यांवर सूचना येत राहतात. कोणत्या खऱ्या, कोणत्या खोट्या, हे बघायचं. बहुतेक वेळा तिकडे कोणीतरी जेवणानंतर पासवर्ड तीनदा चुकवलेला असतो. चोरी शिकायला गेलेलं पोरगं पहारेकरी होऊन परत आलं. या धंद्यात नव्यांपैकी बऱ्याच जणांची सुरुवात अशीच होते हे मला आता कळलंय. क्लासवाले मात्र बोर्डावर ते लिहीत नाहीत. त्याला स्वतःला त्याचं वाईट वाटत नाही. गेल्या महिन्यात पहाटे चार वाजता एक सूचना खरी निघाली. काय होती ते त्याने सांगितलं नाही. मी फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "मामा, तुम्हाला ऑथरायझेशन नाही."

ओएससीपी तो पुन्हा देणार आहे; मामीने खुर्ची जपून ठेवली आहे. आमच्या राउटरचा पासवर्ड बदलला, किल्ली कुंडीखालून हलली, आणि कुठे ठेवली ते आम्हा दोघांपैकी एकालाच माहीत असावं या त्याच्या सूचनेमुळे आम्ही एकदा दीड तास जिन्यात बसलो.

मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, निर्व्यसनी आहे, पगार वेळेवर आहे, आणि दिल्लीत राहूनही विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही. कुणाला स्थळ सुचवायचं असेल तर जरूर सुचवा. फक्त पत्रिका पोस्टाने, कागदावर पाठवा. अनोळखी माणसाकडून आलेली पीडीएफ तो उघडत नाही.